सिपनेचे किडे वरते नेले, तो आश्विन

आश्विन लागला की नदी निवळते. पावसाळाभर गढूळ चहासारखं पळणारं पाणी एका सकाळी दमल्यासारखं वाटतं, अन् वाकून पाहावं तर तळाचा गोटा न् गोटा दिसतो. तुरटी कोणी फिरवलेली नसते. पाण्यानं आपलं आपण ठरवलेलं असतं.

मी सांगून राहिलो ती नदी सिपना. मेळघाटातली, सेमाडोहजवळची. आता मी अकोल्याला लेकीकडे राहतो. इथं मोर्णा आहे, ती काही निवळत नाही. जलपर्णी अंगावर ओढून पडून असते. आठ दिवसांमागं तिच्या पुलावर उभा होतो. हवा मात्र तीच. शिवाराकडून सोयाबीन काढल्याचा सुका वास येत होता, ऊन पाठीला गोड लागत होतं. दिवस बुडायला आला अन् माझे पाय घोट्यापर्यंत ओले झाल्यासारखे वाटले. खाली पाहिलं तर कोरडी चप्पल. ऐंशी वर्षांचे पाय, आपलीच चप्पल ओळखत नाहीत कधीकधी, पण इतकं जुनं पाणी ओळखतात.

माझी बायको पंचफुला श्रावणात गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला नातलग जमले. भंतेजींची वंदना झाली, मग एकेक जण उठून दोन शब्द बोलला. माझी लेक छाया उभी राहिली. म्हणाली, "माही माय भल्ली भोळी होती. बाबाची नोकरी कायम व्हायची होती, कॉलेजच्या सरनं नदीतले किडे जाळीत धरून मोजले, अन् हिनं थे पुन्हा वरते नेऊन सोडले. पुन्हा तेच किडे जाळीत, पुन्हा तेच मोजनं. बाबाले काही पत्ताच नाही." लोक हसले. मायेनं हसले, वाईट कोणी हसलं नाही. नांदगाव पेठेचा सुखदेव, पंचफुलाचा धाकटा भाऊ, तो तर डोळे पुसत हसला. हार घातलेल्या फोटोतून ती पाहत होती. मी खुर्चीवर बसून होतो.

ते किडे तिनं एकटीनं वर नेले नाहीत. डबा माझ्या हातात असायचा. मला सगळा पत्ता होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, अन् आता सांगितलं नाही तर माझ्या वाटणीचं अडाणीपण ती घेऊन गेली ती गेलीच.

माझं गाव पूर्णेच्या काठचं. दीक्षा घेतली तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. बापानं गावकीची कामं टाकली, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. मग गावानं आम्हाला वावरात बोलावणं बंद केलं. भांडण झालं नाही, कोणी मारलं नाही, नुसतं बोलावलं नाही. लोक वावरात जाताना आमच्या दारासमोरून मान वळवून जायचे. एक उन्हाळा काढला, दुसरा निघेना. मी चौथी शिकलेला, अक्षर बरं होतं. अमरावतीला आलो अन् एका कॉलेजात, प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बाटल्या धुवायला रोजंदारीवर लागलो. मागून पंचफुला आली. एक खोली, एक चूल, एक सतरंजी. नळाच्या पाण्याला वास नाही म्हणून ती पहिले आठ दिवस पाणी हुंगून प्यायची. "हे पानी कोनाचंच नाई वाटत," म्हणायची.

तिथले एक सर पुण्याकडचे होते. वर्गात शिकवताना कंटाळल्यासारखे दिसायचे, पण पँट दुमडून नदीत उतरले की पोर होऊन जायचे. त्यांचा सगळा जीव पाण्यातल्या किड्यांत. किडे म्हणजे पाण्यात वाढणारी अळ्या-पिल्लं, ज्यांना पुढं पंख फुटायचे असतात. गोटा उलटा केला की खालच्या अंगाला चिकटलेली दिसतात. काही चपटी, तीन शेपट्यांची. काही इतकी बारीक की हलली तरच कळायचं. काही वाळूचा एकेक कण जोडून अंगाभोवती नळीसारखं घर बांधतात अन् ते घर घेऊनच हिंडतात. आम्हीही तेच करत होतो, फक्त आमचं घर एका ट्रंकेत मावायचं.

एका वर्षी पाऊस उघडल्यावर सरांनी मला सेमाडोहला नेलं. दोन महिन्यांचं काम होतं. स्वयंपाकाला पंचफुलाही आली. निघताना सर म्हणाले, "हे काम नीट पार पाड. तुला कायम करावं म्हणून मी स्वतः शब्द टाकतो." कायम हा शब्द तेव्हा मला देवाच्या नावापेक्षा मोठा होता. देव तर आम्ही सोडलेच होते.

परतवाड्याहून लाकडाच्या ट्रकमध्ये बसून घाट चढलो. सागाची पानं छत्रीएवढी. त्यांच्यावर दव पडलं की सकाळी सगळं रान टपटप वाजायचं. सर फॉरेस्टच्या बंगल्यात, आम्ही मागच्या खोलीत. काम सोपं होतं. लाकडाची चौकट, तिच्या मागं मलमलीसारख्या बारीक कापडाची लांब पिशवी, एखाद्या राक्षसाच्या बाहीसारखी. ती पिशवी पंचफुलानं शिवली होती, हातानं, दुहेरी टाक्यानं. चौकटीचं तोंड वरच्या अंगाला करून धारेत गाडायची अन् ठरलेल्या वेळेला पिशवी उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करायची. सर चिमट्यानं वेचून मोजायचे. मी चिठ्ठ्या लिहायचो.

दुपारी पिशवी हलकी. दोन पानं, एखादा किडा, तोही वाट चुकलेला. पण दिवस डोंगरामागं गेला, पाण्याचा रंग तांब्यासारखा झाला, गावाकडं गाईंच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजायला लागल्या, की पिशवीला जडपणा यायचा. सगळी नदी एकदम घर सोडून निघाल्यासारखी. दिवसभर गोट्याखाली दडून असलेले जीव वर यायचे अन् धारेत जायचे. मी चौकट धरून उभा असायचो तेव्हा पिंढरीला काहीतरी हलकं लागून पुढं जायचं. किडा असेल, पाचोळा असेल. मी पाय हलवायचो नाही.

सर म्हणाले, "पाणी यांना ओढून नेतं, की हे आपणहून धारेत शिरतात? एवढंच मला शोधायचंय."

मला हसू आलं. एवढ्यासाठी दोन महिने. पंचफुला चुलीपाशी भाकर थापत होती. सर गेल्यावर म्हणाली, "दिवसा मासे पाहते म्हनून गप बसते. अंधारलं का पोटामांगं निघते. यात काय शोधाचं? आपन नाई का निघालो गावातून."

"आपल्याले कोनं नेलं?"

"पोटानं."

"मंग पान्यानंच नेलं म्हन ना."

"पोट गावातई होतं," ती म्हणाली. "आपन निघालो." अन् भाकर तव्यावर टाकली. तिच्याशी बोलताना शेवटचा शब्द तिचाच राहायचा. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता खोलीत शेवटचा शब्द माझा असतो, पहिलाही माझाच.

थोडे किडे स्पिरिटच्या बाटलीत जायचे. ते पाहून तिचं तोंड उतरायचं. दीक्षा घेतल्यापासून ती रोज सांजच्याला पंचशील म्हणायची, अन् पहिलं शील जीव न घेण्याचं. तिनं आयुष्यात कोणतीच गोष्ट अर्धी धरली नाही. घरातल्या मुंगीलाही ती सुपानं बाहेर सोडायची. पण बाटलीबद्दल ती सरांना काही बोलली नाही, माझ्या नोकरीमुळं. बाकीचे किडे मोजून झाले की जाळीच्या खालच्या अंगाला सोडून द्यायचे, असा सरांचा नियम होता. ते काम त्यांनी आमच्यावर टाकलं अन् घोळ तिथं झाला.

"अवो, हे येते कोठून?" तिनं डब्यात पाहत विचारलं.

"वरतून."

"मंग आपन खालते काहून टाकतो? घर वरते अन् सोडाचं खालते?"

"सर म्हनते तसं कर."

"सरचं बिऱ्हाड कधी उठलं नाई. त्याइले काय समजते."

अन् ती डबा घेऊन गोट्यांवरून वर चालायला लागली. शेवाळलेले गोटे, अंधारून आलेलं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी खालून ओरडत राहिलो. ती सटकली, हात गोट्यावर आपटला, काचेच्या दोन हिरव्या बांगड्या फुटून पाण्यात गेल्या. डबा मात्र तिनं उभाच धरला होता.

दुसऱ्या दिवशी डबा मी घेतला. "दे इकडं. पडशीन पुन्हा," म्हणलो. तेव्हापासून रोज मीच नेला. ती माझ्या सदऱ्याचं टोक धरून मागं यायची. जाळीच्या बऱ्याच वर एक दगड होता, म्हशीच्या पाठीसारखा. त्याच्या आडोशाला ती उकिडवी बसायची, डबा हळूच तिरपा करायची अन् म्हणायची, "जा बापा. आपापल्या घरी जा." मग हात तसाच पाण्यात ठेवून बसायची. समोरच्या झाडीत मोर ओरडायचा. आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. गावात घरभर माणसं, अमरावतीत चाळभर माणसं. आम्ही दोघंच असे त्या दगडापाशीच बसलो.

वर सोडलेले पुन्हा जाळीत येतील हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. बाटल्या धुणाऱ्यालाही एवढं कळतं. पण वाटायचं, किडेच ते. सर काय एकेकाला तोंडानं ओळखून राहिले?

दिवसेंदिवस ट्रे भरत गेला. सर खूश. रात्री जेवताना हात पानात अन् नजर वहीत. "काहीतरी वेगळं घडतंय या नदीत," म्हणायचे. पंचफुलाला दोनदा म्हणाले, "बाई, तुमच्या हातची अंबाडीची भाजी लागू पडली बघा." ती पदराआड हसायची. मी मान खाली घालून भाकर मोडायचो, अन् तरी दुसऱ्या दिवशी डबा मी उचलायचोच.

मग ती सांज आली. ट्रेमध्ये वाळूच्या घराचा एक किडा होता. बोटाच्या पेराएवढा. त्यानं आपल्या घरात वाळूबरोबर काचेचा एक बारका कण बसवला होता, हिरवा. कंदिलाजवळ ट्रे नेला की चमकायचा. सरांनी तो चिमट्यानं उचलला अन् बराच वेळ धरून ठेवला.

"हा काल आला होता," ते म्हणाले. "परवाही आला होता."

मी चिठ्ठी लिहीत होतो. हात थांबला.

"कोण सोडतं यांना वर?"

पंचफुला काठावर बसून राखेनं भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, घासत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्या डोळ्यासमोर तो एकच शब्द होता, कायम. म्हणलो, "सर, बाई अडाणी हाये. तिनंच सोडले असतीन. मले काही माहीत नाई."

गंज घासायचा आवाज थांबला. एवढंच मला आठवते. मग तिचा आवाज आला, साधा, मीठ आहे का विचारावं तसा. "मीच सोडले सर. याइले माहीत नोतं."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. गोट्यावर बसले, वहीची पानं चाळली, डोकं धरलं. म्हणाले, "अहो बाई, यांना वर न्यायची गरज नसते. पंख फुटले की यातले पुष्कळ उडत वरच्या अंगाला जातात, तिथं अंडी घालतात. म्हणून तर नदी रिकामी होत नाही."

"अन् पंख फुटाच्या आंधीच जे गेले, त्याइचं काय सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "त्यांचं काही नाही. त्यांना मासे खातात."

"हं," पंचफुला म्हणाली, अन् गंज घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी लाकडाचा ट्रक परतवाड्याला चालला होता. सरांनी तिला त्यात पाठवून दिलं. रस्त्यापर्यंत मी ट्रंक नेली. वाटभर मी वाट पाहत होतो, आता बोलेल, आता बोलेल. ट्रकात चढताना ती बोलली. "मिठाचा पुडा चुलीच्या मांगं हाये. ओल लागू देऊ नोका." धूळ उडाली, खाली बसली. सागाची पानं रस्त्याकडंला लालसर झाली होती. मी तिथं किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक.

राहिलेले दिवस मी एकट्यानं काढले. सर होते, पण ते आता माझ्याशी कामापुरतं बोलायचे, अन् मी तर कोणाशीच नाही. सरांनी पहिली पानं फाडून नव्यानं मोजणी धरली. मी भाकर करायचो ती तव्याला चिकटायची. जाळीतले किडे मी नियमानं खालच्या अंगाला सोडायचो. ते डब्यातून पाण्यात पडायचे, क्षणभर गिरकी घ्यायचे, धारेला लागायचे. त्यांच्याकडं पाहताना असं वाटायचं की ट्रक अजून चालूनच राहिला. कार्तिकात पाणी इतकं थंड झालं की घोटे ठणकायचे. मी तरी आधी उतरायचो, मग उशिरा निघायचो. खोलीत जाऊन करायचं काय होतं? तिच्या टाक्यांची पिशवी माझ्या हातात असायची. कापड कुठं कुठं विरलं होतं, टाका एकही सुटला नव्हता.

मी कायम झालो. सरांनी शब्द टाकला, तो खरा माणूस होता. कागद घेऊन घरी आलो तर पंचफुलानं चाळीत साखर वाटली. बायांना सांगायला लागली, "माह्या पायी जाता जाता राह्यली नोकरी. मी अडानी. किडे वरते नेऊन टाकले माय." बाया हसल्या. मी बूट काढत होतो. मला वाटलं, आज एकदा सांगेल अन् सोडून देईल. पण ती वर्षभर सांगत राहिली, मग लग्नाकार्यात, मग छाया शाळेत जायला लागली तेव्हा तिला. दरवेळी सांगणं जरा अजून चांगलं व्हायचं. मी दरवेळी काहीतरी हातात घ्यायचो, पेपर, अडकित्ता, नातवाचा मोजा.

टोमणा मारत होती का? खूप विचार केला. टोमणा मारणारं माणूस समोरच्याचं तोंड पाहते. ती सांगताना माझ्याकडं कधी पाहायची नाही. माझ्यावरून नजर उचलून दुसरीकडं ठेवायची, जसं झोपलेल्या माणसावरून कंदील बाजूला करतात. नोकरी वाचली, पेन्शन लागली, सर कधीचे वारले. लपवायला काहीच उरलं नव्हतं तरी ती लपवत राहिली. मी तिला तेवढं करू दिलं. बस, एवढंच आहे माझं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एका दुपारी छाया औषध आणायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हणलो, "पंचफुला, त्या दिवशी मी खोटं बोललो." तिनं डोळे उघडले. थकलेले, पण शुद्धीतले. "काय म्हनता?" मला वाटलं पुन्हा म्हणावं. तोंड उघडलं अन् म्हणलो, "पानी पायजे का?" ती "द्या," म्हणाली. मी चमच्यानं पाणी पाजलं. तीन चमचे.

इथवर आठ दिवस लिहून राहिलो. आज पानं परत वाचली अन् ध्यानात आलं, कागदावर सांगणं सोपं आहे. कागद तोंड फिरवत नाही, काही विचारत नाही. म्हणून उठलो अन् स्वयंपाकघरात गेलो. छाया मेथी निवडत होती.

"तू थे किड्याचं सांगतलं ना कार्यक्रमात. थे खोटं हाये."

"मायनंच तर सांगतलं होतं."

"तिनं सांगतलं. मी सांगू देलं. डबा मी नेत होतो, रोज. सरनं विचारलं तवा मी तिच्यावर टाकलं."

तिचा हात मेथीतच राहिला. मग जुडी बाजूला सारून म्हणाली, "आमी जलमभर हसलो तिले, बाबा."

"हो."

"मी तिच्या फोटोसमोर लोकाइले हसवलं."

"हो."

"आता मले सांगून काय फायदा? माफ कराचं असन तर तिनं कराचं होतं. मी कोन?"

"माफ नोको करू. मले थे नाई पायजे. जे जे हसले त्याइले खरं सांग."

"मी काहून सांगू? तोंड तुमाले हाये." तिनं हात पदराला पुसले, फोन उचलला, नंबर लावला अन् माझ्या हातात दिला. "पयले मामाले. मंग बाकीचे. मी नंबर लावून देते एकेकाचा, स्वयंपाक राहू द्या आज."

फोन वाजत होता. छाया समोर उभी, कमरेवर हात, तिच्या मायेसारखी. पलीकडून सुखदेव मोठ्यानं बोलला, कारण त्यालाही कमी ऐकू येते. "बोला भाऊजी. जेवले का?"

म्हणलो, "जेवन राहू दे. तू कुठंतरी बस पयले. तुह्या बहिनीचं सांगाचं हाये, अन् मंधात हसू नोको."